वादग्रस्त चालू विषयावर कॉलेजचा पेपर लिहिताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेमिस्टर अर्धं सरलं की लायब्ररीत हेच प्रश्न घेऊन मुलं येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. क्रमाने वाचायची गरज नाही, जिथे अडलाय तिथून सुरू करा. फक्त दुसरा प्रश्न मात्र सगळ्यांनी वाचा, कारण बहुतेक पेपर तिथेच घसरतात.

टॉपिक कसा निवडू? "फाशीची शिक्षा" किंवा "सोशल मीडिया आणि मुलं" असं चालेल का?

असं काही टाकून सर्च केलंत की ढीगभर रिझल्ट येतात आणि काय घ्यायचं काय सोडायचं तेच कळत नाही, कारण हे नुसतं विषयाचं नाव झालं, प्रश्न अजून ठरलेलाच नाही. एक उदाहरण घेऊ. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर 2024 मध्ये कायदा केला की 16 वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर अकाउंट ठेवता येणार नाही, आणि 10 डिसेंबर 2025 पासून तो लागू झाला. जबाबदारी टाकलीये कंपन्यांवर, मुलांना किंवा आईवडिलांना दंड नाही, कंपनीला मात्र 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत होऊ शकतो. आता "हा कायदा चांगला की वाईट" हा प्रश्नसुद्धा फार पसरट आहे. "वय तपासायच्या पद्धती मुलांना खरंच अडवतात का" किंवा "बंदी मागणाऱ्यांनी मानसिक आरोग्याचा जो पुरावा पुढे केला तो कितपत ठोस आहे" असं विचारलंत की लगेच कळतं कुठला रिपोर्ट शोधायचा, कुठला डेटा बघायचा. कोण, कुठे, कधीपासून, कशामुळे, एवढं विषयाला जोडून बघा, तो आपोआप आवाक्यात येतो.

आणि टॉपिक पक्का करायच्या आधी अर्धा तास नुसतं शोधून बघा. जे घडून आठवडाच झालाय त्यावर अभ्यास झालेले नसतात, फक्त बातम्या आणि मतं असतात, आणि तेवढ्यावर पंधरा पानं ओढायची म्हणजे हाल होतात.

वाद नेमका कशाचा आहे हे कसं ओळखायचं?

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि मुलं हा सहसा विचारत नाहीत. एकाच वादात दोन-तीन वेगवेगळी भांडणं गुंतलेली असतात. एक भांडण असतं काय खरं आहे याचं, दुसरं काय योग्य आहे याचं, आणि तिसरं आता करायचं काय याचं. पहिल्याला पुरावा लागतो, दुसऱ्याला नुसता पुरावा पुरत नाही, आणि तिसऱ्यात दोन्ही मिसळलेलं असतं.

फाशीचंच बघा. फाशीच्या भीतीने खून कमी होतात का, हा वस्तुस्थितीचा प्रश्न झाला. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने 2012 मध्ये तोवरचे अभ्यास तपासले आणि निष्कर्ष काढला की या अभ्यासांवरून फाशीमुळे खून घटतात, वाढतात की काहीच फरक पडत नाही हे सांगता येत नाही, त्यामुळे धोरण ठरवताना त्यांचा आधार घेऊ नये. बरं, उद्या समजा पक्कं सिद्ध झालं की खून कमी होतात, तरी "सरकारला कुणाचा जीव घ्यायचा हक्कच नाही" असं मानणारा माणूस त्याने हलणार नाही, आणि उलट सिद्ध झालं तरी "ज्याने असं केलं त्याला हीच शिक्षा न्याय्य" म्हणणाराही हलणार नाही. कारण त्यांचं भांडण आकड्यांचं नाहीच.

हवामानबदलात वेगळं आहे. पृथ्वी माणसामुळे तापतेय याबद्दल शास्त्रज्ञांमध्ये वाद उरलेला नाही, आयपीसीसीच्या (हवामानबदलाचा अभ्यास तपासणारी संयुक्त राष्ट्रांची समिती) 2021 च्या रिपोर्टने ते निःसंदिग्ध शब्दांत लिहिलंय. पण खर्च कोणी उचलायचा, कोळसा किती वेगाने बंद करायचा, अणुऊर्जा घ्यायची की नाही, हे वाद अगदी खरे आहेत आणि पेपर तिथे होतो.

तर करायचं असं: कागदावर दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहा आणि प्रत्येकासमोर मांडा की हे पुराव्याने सुटणारं आहे की मूल्यांचं आहे. ज्यांच्यासमोर पुरावा येईल तेवढ्यांसाठीच आकडे आणि अभ्यास शोधा. मूल्यांच्या मुद्द्यांसाठी तत्त्वज्ञान, कायदा, कोर्टाचे निकाल वाचायला लागतात, तिथे टक्केवारी ठोकून उपयोग नाही.

सुरुवात डायरेक्ट गुगलवरून केली तर?

करा की, पण तिथेच थांबू नका. आधी विषयाची पार्श्वभूमी देणारं काहीतरी वाचा. तुमच्या लायब्ररीकडे सीक्यू रिसर्चर असेल तर उत्तम, ते 1923 पासून (तेव्हा नाव वेगळं होतं) एकेका वादग्रस्त विषयावर लांबलचक रिपोर्ट काढतायत, इतिहास, घटनाक्रम, दोन्ही बाजू असं सगळं त्यात सापडतं, फक्त भर अमेरिकेवर जास्त आहे. गेल कंपनीचा ऑपोझिंग व्ह्यूपॉइंट्स नावाचा डेटाबेस आहे. फुकटात बघायचं तर ब्रिटानिकाचं प्रोकॉन आहे. यातलं काहीही पेपरचा मुख्य आधार करू नका, पण वादात कोण कोण आहे, कुठले कायदे, कुठल्या तारखा, हे इथे पटकन कळतं.

वाचताना एक यादी करत जा: प्रत्येक बाजू त्याच गोष्टीला काय म्हणते. मरणासन्न पेशंटला डॉक्टरने मरायला मदत करण्याच्या प्रश्नावर विरोधक "असिस्टेड सुसाइड" लिहितात, समर्थक "मेडिकल एड इन डाइंग" लिहितात, आणि अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या 1997 पासून लागू असलेल्या कायद्याचं नावच "डेथ विथ डिग्निटी" आहे. तुम्ही एकच शब्द टाकून सर्च केलंत तर समोर एकाच बाजूचं साहित्य येतं आणि तुम्हाला वाटतं सगळं जग हेच म्हणतंय.

विकिपीडिया चालत नाही म्हणतात. मग बघायचंच नाही का?

बघा, फक्त त्याचा रेफरन्स देऊ नका. खालच्या तळटीपा उघडा, मूळ सोर्स तिथे असतो, तो वाचा आणि त्याचा रेफरन्स द्या. वादग्रस्त विषयाच्या लेखाला चर्चेचं पान पण असतं, ते फारसं कोणी उघडत नाही. तिथे एडिटर मंडळी एकेका वाक्यावरून भांडलेली असतात, हे वाक्य का काढलं, हा सोर्स का चालणार नाही, वगैरे. पंधरा मिनिटं ते वाचलंत तर वादाच्या दुखऱ्या नसा कळतात.

वेबसाइट भरवशाची आहे की नाही ते कसं कळणार? अबाउट पेज तर सगळ्यांचंच छान असतं.

बरोबर, म्हणूनच त्या पानावर बसून राहू नका. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 2017 मध्ये एक अभ्यास मांडला, त्यात पीएचडी झालेले 10 इतिहासकार, 10 व्यावसायिक फॅक्ट चेकर आणि स्टॅनफर्डचे 25 विद्यार्थी यांना वेबसाइट तपासायला दिल्या. दोन साइट होत्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांच्या, नावंही एकमेकांसारखी. एक अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, 1930 पासूनची, हजारो डॉक्टर सभासद असलेली. दुसरी अमेरिकन कॉलेज ऑफ पेडियाट्रिशियन्स, 2002 मध्ये समलिंगी जोडप्यांच्या दत्तक हक्काच्या मुद्द्यावरून फुटून निघालेला छोटा गट. विद्यार्थी आणि बरेच इतिहासकारसुद्धा त्याच पानावर वर-खाली करत बसले, लोगो बघितला, रेफरन्स आहेत का बघितलं, डिझाइन बघितलं. फॅक्ट चेकर लोकांनी काय केलं तर लगेच नवीन टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते शोधलं, आणि थोडक्या वेळात ओळखलं.

तेच करायचं. संस्थेचं नाव टाका, पुढे "फंडिंग", "टीका", "कोण चालवतं" असे शब्द टाका. नंतर मूळ पानावर परत या. शेवटी डॉट ओआरजी आहे म्हणजे चांगली संस्था, असं समजू नका, ते डोमेन कोणीही घेऊ शकतं.

दोन रिसर्च पेपर एकमेकांच्या बरोबर उलट सांगतायत. कुठला खरा धरू?

घाबरू नका, उलट पेपरचा गाभा मिळाला समजा. किमान वेतनाचं उदाहरण देते, कारण ते नीट कळलं की असले सगळे वाद वाचता येतात. एप्रिल 1992 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्वेनियाने केलं नाही. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडच्या 410 फास्ट फूड रेस्टॉरंट्सना वाढीच्या आधी आणि नंतर फोन करून किती माणसं कामाला आहेत ते विचारलं आणि 1994 मध्ये लिहिलं की नोकऱ्या कमी झाल्याचं दिसत नाही. तोवर पाठ्यपुस्तकं सांगत होती की वेतन वाढवलं की नोकऱ्या जाणार. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी फोनवरच्या उत्तरांवर आक्षेप घेतला, रेस्टॉरंट्सचं पगाराचं रेकॉर्ड वापरलं आणि 2000 मध्ये उलट निष्कर्ष छापला. त्याच वर्षी कार्ड आणि क्रूगर यांनी सरकारी रोजगार आकडे वापरून उत्तर दिलं आणि आपलं म्हणणं बरंचसं कायम ठेवलं. कार्ड यांना 2021 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तरी किमान वेतनाचा वाद आजही चालू आहे.

आता इथे "काही तज्ज्ञ असं म्हणतात, काही तसं" एवढंच लिहिलंत तर वाचणाऱ्याला काय मिळालं? विचारा की डेटा कुठून आला, कुणाला मोजलं, किती काळ, वाढ किती मोठी होती. सव्वाचार डॉलरवरून पाच करण्याचा परिणाम म्हणजे दुप्पट करण्याचा परिणाम असं धरता येत नाही. मतभेद का आहे हे दोन परिच्छेदांत नीट समजावणारा पेपर मला वीस सोर्स रचलेल्या पेपरपेक्षा कितीतरी जास्त आवडतो.

आणि एकट्या अभ्यासापेक्षा अनेक अभ्यास एकत्र तपासणारे आढावे आधी शोधा. आरोग्याच्या विषयात कॉक्रेन नावाच्या संस्थेचे आढावे बघा, 1993 पासून हेच काम चाललंय त्यांचं.

दोन्ही बाजूंना सारखी जागा द्यायलाच हवी ना? नाहीतर पेपर एकतर्फी वाटेल.

मूल्यांच्या वादात हो, दोन्हीकडचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद मांडायलाच हवा. वस्तुस्थितीच्या प्रश्नात जागा पुराव्याच्या वजनाने द्यायची. लसीमुळे ऑटिझम होतो हा दावा घ्या. 1998 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांचा पेपर आला, त्यात मुलं होती फक्त 12. 2010 मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला आणि वेकफील्ड यांचं ब्रिटनमधलं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशनही गेलं. दुसऱ्या पारड्यात बघा, डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीने ऑटिझमचा धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. या दोघांना अर्धं-अर्धं पान देणं म्हणजे वाचणाऱ्याची दिशाभूल आहे. मात्र लोक लसीला का घाबरतात, सरकारवरचा विश्वास कुठे तुटला, सक्ती करावी का, या प्रश्नांवर खुशाल दोन्ही बाजू मांडा, तिथे खरंच बोलण्यासारखं आहे.

अभ्यासाला पैसा कोणी दिला ते बघायचं का? आणि कंपनीने दिला असेल तर तो बाद?

बघायचंच. बाद मात्र लगेच करू नका, बरेच चांगले अभ्यासही कंपन्यांच्या पैशावर होतात. पैसा लपवला होता का आणि बाकीच्या स्वतंत्र अभ्यासांशी निष्कर्ष जुळतो का, हे दोन तपासा. 1967 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हार्वर्डच्या संशोधकांचा एक आढावा आला, त्यात हृदयविकारासाठी साखरेवरचा संशय कमी करून बोट चरबीकडे दाखवलं होतं. साखर उद्योगाच्या संस्थेने त्यासाठी पैसे मोजले होते, आणि जुन्या कागदपत्रांतून हे उघड व्हायला 2016 उजाडलं. सिगारेट कंपन्यांचं तर माहितीच असेल, 1969 च्या एका अंतर्गत मेमोत सरळ लिहिलं होतं की शंका हेच आपलं प्रॉडक्ट आहे. लोकांना खात्री पटू नये एवढंच त्यांना पुरेसं होतं.

हल्लीच्या पेपरमध्ये शेवटी फंडिंग आणि हितसंबंधांबद्दल दोन ओळी असतात. अॅबस्ट्रॅक्ट (सुरुवातीचा सारांश) वाचून झाला की आधी त्या वाचा.

सर्व्हेचे आकडे सरळ टाकले तर चालतात का?

प्रश्न कसा विचारला होता ते बघितल्याशिवाय नको. जानेवारी 2003 मध्ये प्यू रिसर्च सेंटरने अमेरिकन लोकांना विचारलं, सद्दाम हुसेनची सत्ता संपवायला इराकमध्ये लष्करी कारवाई करावी का, 68 टक्के हो म्हणाले. त्याच प्रश्नात "त्यात हजारो अमेरिकन सैनिक दगावले किंवा जखमी झाले तरीही" असं जोडलं तर हो म्हणणारे उरले 43 टक्के. तोच काळ, तोच मुद्दा. आता यातला एकच आकडा तुमच्या पेपरात असला तर तुम्ही नकळत एका बाजूचं काम करून दिलं.

सोबत तारीख, किती लोकांना विचारलं आणि ते कसे निवडले हेही लिहा. साधारण 1,000 लोकांच्या नीट निवडलेल्या सॅम्पलमध्ये 3 टक्के इकडे-तिकडे धरावं लागतं, म्हणजे 51 विरुद्ध 49 ला "बहुमत" म्हणू नका. वेबसाइटवर कोणीही येऊन क्लिक करतो ते पोल तर घेऊच नका.

रिसर्च पेपर मागे घेतला गेलाय का हे कुठे कळतं?

जर्नलच्या मूळ पानावर सहसा ठळक लिहिलेलं असतं, पण तुम्ही दुसरीकडून पीडीएफ उतरवली असेल तर त्यात नसतं, ही गोची होते. रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसमध्ये नाव टाकून बघा, फुकट आहे. कोविडच्या काळात हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनवरचा एक मोठा पेपर लॅन्सेटमध्ये 22 मे 2020 ला आला आणि 4 जूनला मागे घेतला गेला, पण मधल्या दोन आठवड्यांत जगभर बातम्या झाल्या आणि त्या बातम्या अजून नेटवर आहेतच.

चांगला पेपर सापडला पण पैसे मागतंय.

भरू नका. आधी कॉलेजच्या लॉगिनने बघा. मग गुगल स्कॉलरमध्ये शोधा, उजवीकडे फुकट पीडीएफची लिंक असते किंवा "सर्व आवृत्त्या" वर क्लिक केलं की सापडते. अनपेवॉल नावाचं एक्स्टेन्शन कायदेशीर फुकट प्रत असेल तर दाखवतं. नाहीच मिळालं तर लायब्ररीतून दुसऱ्या लायब्ररीची प्रत मागवता येते का विचारा, किंवा लेखकाला सरळ दोन ओळींचा ईमेल टाका, बरेच लोक आनंदाने पाठवतात.

चॅटजीपीटीकडून सोर्स मागितले तर?

विषय समजून घ्यायला, कीवर्ड सुचवून घ्यायला वापरा, कॉलेजचा नियम परवानगी देत असेल तर. पण त्याने दिलेला एकही रेफरन्स स्वतः उघडून वाचल्याशिवाय पेपरात घालू नका. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटले दाखल केले, ते खटले कधी झालेच नव्हते, नाव, नंबर, निकालातली अवतरणं सगळं रचलेलं, आणि कोर्टाने 5,000 डॉलर दंड लावला. खोटा रेफरन्स दिसायला एकदम अस्सल असतो, खऱ्या लेखकाचं नाव, खरं जर्नल, आणि असा लेखच नसतो. वादग्रस्त विषयात हे फारच वाईट, कारण समोरच्या बाजूला तुमचा अख्खा पेपर फेकून द्यायला एवढं कारण पुरतं.

विषय रोज बदलतोय, आज लिहिलेलं उद्या जुनं होतं. काय करू?

एक तारीख ठरवा आणि पेपरात लिहून टाका की या तारखेपर्यंतची माहिती घेतलीये. बातमीत कायद्याचा, निकालाचा किंवा रिपोर्टचा उल्लेख असेल तर मूळ कागद उघडा, बातमीतली हेडलाइन आणि निकालातलं वाक्य यात बरंच अंतर असतं. ऑनलाइन बातम्या न सांगता बदलतात किंवा गायब होतात, म्हणून वापरलेलं पान वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी साइट) सेव्ह करा आणि ती लिंक जपून ठेवा.

माझं मत आधीच पक्कं आहे. मग रिसर्च खोटाच झाला ना?

नाही हो, मत असणं काही गुन्हा नाही, बहुतेक वेळा त्यामुळेच तुम्ही हा विषय घेतलेला असतो. फक्त विरुद्ध बाजूचं त्यांच्या स्वतःच्या लेखनातून वाचा, तुमच्या बाजूने केलेल्या त्यांच्या वर्णनातून नको. मग त्यांचं म्हणणं एका परिच्छेदात असं लिहा की त्या बाजूचा माणूस वाचून म्हणेल, "हो, मला हेच म्हणायचंय." असं मानणारा मित्र असेल तर त्याला खरंच वाचायला द्या, तो काय दुरुस्त करतो बघा. आणि लिहायला बसायच्या आधी स्वतःसाठी नोंदवा की काय सापडलं तर माझं मत बदलेल. काहीच सुचलं नाही तर तुमचा मुद्दा मूल्यांचा आहे, तसं उघडपणे लिहा, त्यात कमीपणा नाही.

सरांचं मत माझ्या उलट आहे, मार्क कापले तर?

भीती समजते. आधी त्यांना भेटा, प्रश्न दाखवा, कुठल्या प्रकारचे सोर्स चालतील विचारा. विरुद्ध बाजू इमानदारीने मांडलेला आणि प्रत्येक दावा शोधता येईल असा पेपर असेल तर बोट ठेवायला जागा फार कमी राहते.

नोट्सचा नेहमी गोंधळ होतो.

झोटेरो नावाचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे, रेफरन्स आपोआप जमा होतात आणि एपीए असो की एमएलए, रेफरन्स लिहायच्या हव्या त्या स्टाइलमध्ये निघतात. नोट्समध्ये त्यांचे शब्द, तुमच्या शब्दांतला सारांश आणि तुमचं मत या तीन गोष्टींना तीन वेगळे रंग द्या, पान नंबरसकट. नकळत झालेली बहुतेक चोरी इथूनच होते, तीन आठवड्यांनी आठवत नाही की हे वाक्य कुणाचं.

किती सोर्स पुरतात? थांबायचं कधी?

मॅडमनी आकडा सांगितला असेल तर तो, नसेल तर आकड्याच्या मागे लागू नका. गुगल स्कॉलरमध्ये महत्त्वाच्या पेपरखाली त्याला कोणी कोणी उद्धृत केलंय ती यादी असते, ती उघडत जा. नवीन पेपर उघडला आणि त्याच्या रेफरन्समधली बहुतेक नावं तुमच्याकडे आधीच आहेत असं सलग तीन-चार वेळा झालं, आणि दोन्ही बाजूंचे युक्तिवाद पुढच्या ओळीत काय येणार ते आधीच ओळखू यायला लागले, की शोधणं बंद करा आणि लिहायला बसा.